रॉबर्ट वॉरिंग्टन : पाणी न बदलता मासे जगवणारा रसायनशास्त्रज्ञ



शाळेच्या कार्यालयाबाहेर काचेची मोठी टाकी आहे, ती सध्या रिकामी आहे हे आपण सर्वांनी पाहिलेच असेल. मागच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिच्यात अकरा मासे होते. सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी आम्ही ती टाकी साफ करायला घेतली. मुले परत येतील तेव्हा टाकी लखलखीत दिसावी, एवढाच हेतू होता. जुने पाणी ओतून दिले, तळाची वाळू नळाखाली खळखळून धुतली, काचा घासल्या, काळपट पडलेली रोपटी उपटून फेकली आणि नळाचे ताजे पाणी भरले. इतके नितळ पाणी त्या टाकीत पूर्वी कधीच दिसले नव्हते. त्यानंतर आठवड्याभरात एकेक करत सर्व मासे मेले.

पाचवीच्या मुलांनी आम्हाला सरळ प्रश्न केला. पाणी घाण होते तेव्हा मासे जगत होते, मग स्वच्छ केल्यावर ते मेले कसे? त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे पालक सभेत काही पालकांनी मत मांडले की मुक्या जिवांचे असे हाल होणार असतील तर टाकीच काढून टाकावी. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. विश्वस्त मंडळाने निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आहे.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्हाला एका माणसाची ओळख झाली. हा माणूस मासे पाळणाऱ्यांपैकी नव्हता. तो होता रसायनशास्त्रज्ञ. तरीही घरातल्या काचेच्या टाकीत मासे आणि वनस्पती एकत्र कशा नांदतात हे नीट प्रयोग करून ज्यांनी दाखवले, त्यांच्यात त्याचे नाव अगदी वर घेतले जाते. त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन.

रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा जन्म ७ सप्टेंबर १८०७ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात शीअरनेस या बंदराच्या गावी झाला. वडिलांचा धंदा जहाजांना अन्नधान्य व इतर शिधा पुरवण्याचा. रॉबर्ट यांचे शिक्षण लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेत झाले. १८२२ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, ते जे. टी. कूपर या रसायनशास्त्राच्या शिक्षकाकडे उमेदवारीला राहिले. आजच्या नववी-दहावीतल्या मुलाचे ते वय. त्या काळी रसायनशास्त्र हे पुस्तकापेक्षा हाताने शिकण्याचे शास्त्र होते. काचेची भांडी धुणे, भट्टी पेटवणे, द्रावणे गाळणे, तासन्‌तास एकाच पात्राकडे नजर लावून बसणे, हेच शिक्षण.

१८२८ साली लंडन विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड टर्नर यांनी या तरुणाला आपला साहाय्यक म्हणून निवडले. १८३१ साली वॉरिंग्टन लंडनमधील बिअर तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून लागले आणि १८३९ पर्यंत तेथे राहिले. हे काम पाणी, धान्य आणि आंबवण्याची क्रिया यांच्याशी बांधलेले. पाणी कसे बदलते, ते कशाने बिघडते, हे पाहण्याची सवय त्यांना तेथेच लागली असावी असे आम्हाला वाटते.

वॉरिंग्टन यांचा दुसरा गुण म्हणजे माणसे जोडणे. त्या वेळी इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ पुष्कळ होते, पण त्यांना एकत्र बसायला स्वतःची संस्था नव्हती. वॉरिंग्टन यांनी पुढाकार घेऊन १८४१ च्या फेब्रुवारीत लंडनला सभा बोलावली आणि त्यातून केमिकल सोसायटी ऑफ लंडन ही संस्था उभी राहिली. थॉमस ग्रॅहम हे नामांकित शास्त्रज्ञ तिचे पहिले अध्यक्ष झाले. वॉरिंग्टन यांनी अध्यक्षपदाचा विचार न करता सुमारे दहा वर्षे सचिवाचे काम केले. संस्थेचे सचिवपद म्हणजे काय असते, हे आपल्या विश्वस्तांना आम्ही सांगायला नको. हीच संस्था १९८० साली इतर संस्थांशी एकत्र येऊन रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री झाली.

१८४२ साली लंडनच्या सोसायटी ऑफ अ‍ॅपॉथेकरीज या औषधकारांच्या जुन्या संस्थेने त्यांना आपल्या प्रयोगशाळेत नेमले. संस्थेच्या वास्तूतच त्यांचे बिऱ्हाड होते. १८६६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षे, ते तेथे राहिले. औषधे शुद्ध आहेत की नाहीत हे तपासणे हे त्यांचे रोजचे काम. याच काळात त्यांनी बाजारातला हिरवा चहाही तपासला. १८४४ साली त्यांनी दाखवून दिले की पुष्कळसा हिरवा चहा मुळात तेवढा हिरवा नसतोच. पानांवर प्रशियन ब्लू नावाच्या निळ्या रंगाचा आणि जिप्समच्या पांढऱ्या भुकटीचा हात फिरवलेला असतो, म्हणून तो तजेलदार दिसतो. डोळ्यांना जे छान दिसते ते चांगलेच असेल असे नाही, हा धडा त्यांनी चहाच्या पानावर शिकवला. माशांच्या टाकीतही त्यांनी तोच धडा वेगळ्या रीतीने शिकवला.

आता त्या टाकीकडे वळण्याआधी थोडे मागे जाऊ. चीनमध्ये सोनेरी मासे शेकडो वर्षांपासून कुंडांत आणि तळ्यांत पाळले जात. युरोपात ते आल्यावर श्रीमंतांच्या घरी काचेच्या वाडग्यात ठेवण्याची हौस सुरू झाली. वाडग्यातले पाणी सारखे बदलावे लागे आणि मासे फार दिवस टिकत नसत. ते का टिकत नाहीत याचा विचार फारसा कोणी केला नव्हता. मात्र हवेबद्दल मोठे शोध लागले होते. १७७१ साली जोसेफ प्रीस्टली यांनी बंद काचपात्रात पुदिन्याचे रोप ठेवून पाहिले होते. मेणबत्ती जळून जी हवा बिघडली होती ती रोपामुळे पुन्हा सुधारते असे त्यांना आढळले. १७७९ साली यान इंगेनहाऊस यांनी दाखवले की रोप हे काम उजेडातच करते आणि अंधारात नाही. याच ज्ञानाच्या आधारे पाण्यातही वनस्पती आणि प्राणी एकमेकांना जगवू शकतील काय, असा प्रश्न वॉरिंग्टन यांनी स्वतःला घातला.

१८४९ साली त्यांनी प्रयोग मांडला. सुमारे बारा गॅलन, म्हणजे ५४ लिटरच्या आसपास पाणी मावेल एवढे काचेचे पात्र घेतले. ते झऱ्याच्या साध्या पाण्याने निम्मे भरले. तळाशी वाळू आणि चिखल घातला. माशांना आडोसा मिळावा म्हणून दगड रचले. धूळ पडू नये म्हणून वर पातळ मलमल बांधली. त्या पाण्यात दोन लहान सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिसनेरिया नावाच्या पाणवनस्पतीचे एक रोप चिखलात रोवून वर दगड ठेवला. फितीसारखी लांब, हिरवी पाने असलेली ही वनस्पती आपल्या देशातल्या तळ्यांत व संथ नद्यांतही उगवते. आजही मासे विकणाऱ्यांकडे ती स्वस्तात मिळते.

थोडे दिवस सारे ठीक चालले. मग रोपाची जुनी पाने पिवळी पडून कुजू लागली. पाणी गढूळ झाले. पाण्याच्या पृष्ठभागावर आणि काचेच्या आतल्या बाजूला हिरवा, बुळबुळीत शेवाळाचा थर चढला. मासे मरणार हे दिसू लागले.

मित्रांनो, आमच्यासमोर हेच दृश्य आले तेव्हा आम्ही टाकी धुवायला घेतली. वॉरिंग्टन यांनी तसे केले नाही. तळ्यात हीच पाने कुजतात, तरी तळ्याचे पाणी बरेचदा स्वच्छ राहते, मग तळ्यात असे कोण आहे जे माझ्या पात्रात नाही, असा विचार त्यांनी केला. तळ्यात पाण्यातल्या गोगलगायी असतात. कुजकी पाने आणि शेवाळ हेच त्यांचे अन्न. वॉरिंग्टन यांनी पाच-सहा गोगलगायी आणून पात्रात सोडल्या. त्यांनी थोड्याच काळात कुजलेला पाला आणि बुळबुळीत थर फस्त केला. पाणी पुन्हा नितळ झाले. शिवाय गोगलगायींनी घातलेली अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली.

माशाने सोडलेला कर्बवायू रोप उजेडात घेते आणि प्राणवायू परत देते. माशाची विष्ठा रोपाला खत होते. रोपाचे मेलेले पान गोगलगाय खाते. गोगलगायीची अंडी माशाच्या पोटात जातात. एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचे जेवण. असे हे छोटेसे चक्र काचेच्या पात्रात फिरू लागले आणि महिनोन्‌महिने पाणी न बदलता मासे जगले. १८५० च्या मार्चमध्ये वॉरिंग्टन यांनी आपले निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे वाचले. तो निबंध जेमतेम दोन-तीन पानांचा होता. बारीकसारीक गोष्टी त्यात होत्या. दगड कोणते, रोप कसे रोवले, गोगलगायी किती, हे सारे इतक्या स्पष्टपणे लिहिले होते की कोणीही घरी करून पाहावे.

लोकांनी ते घरी करून पाहिलेच. १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी माशांचे काचघर उघडले गेले. फिलिप हेन्री गॉस यांनी समुद्राच्या पाण्यावर असेच काम केले आणि १८५४ च्या त्यांच्या पुस्तकामुळे अ‍ॅक्वेरियम हा शब्द घराघरांत पोचला. वॉरिंग्टन यांच्याही आधी फ्रान्समध्ये जन्मलेल्या जान व्हिलप्र-पॉवर या विदुषीने १८३० च्या दशकात सिसिली बेटावर समुद्री जीव काचेच्या पेट्यांत ठेवून अभ्यासले होते. तेव्हा हा शोध एकट्या कोणाचा नाही. पण गोड्या पाण्यातले मासे, जिवंत रोपे आणि गोगलगायी यांचा हिशेब जुळवून दाखवण्याचे श्रेय वॉरिंग्टन यांचेच. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेक पालकांनी लहानपणी सहलीत पाहिले असेल. त्या साऱ्या परंपरेच्या मुळाशी लंडनमधली अशी साधी काचेची पात्रे आहेत.

वॉरिंग्टन पुढे गोगलगायींचे आणि माशांचे निरीक्षण करत राहिले. स्टिकलबॅक नावाचा काटेरी पाठीचा लहान मासा पाण्यात घरटे बांधतो आणि नर त्याची राखण करतो. अशा गोष्टी टाकीच्या काचेतून पाहून त्यांनी लिहून ठेवल्या. १८६४ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १७ नोव्हेंबर १८६७ रोजी डेव्हन परगण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय साठ वर्षे होते.

गोष्ट येथे संपत नाही. वॉरिंग्टन यांचे उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. मासा आपल्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. कुजणाऱ्या अन्नातूनही अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशाला विषासारखा असतो आणि पाण्यात तो डोळ्यांना मुळीच दिसत नाही. रोपे तो थोडाफार शोषतात, पण पुष्कळदा तेवढ्याने भागत नाही. मग वॉरिंग्टन यांच्या पात्रातल्या माशांना आणखी कोणी वाचवले?

याच्या उत्तराचा मोठा भाग त्यांच्या मुलाने शोधला, हा योगायोग आम्हाला फार सुंदर वाटला. मुलाचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. त्यांचा जन्म १८३८ चा. वडिलांच्या प्रयोगशाळेत ते रसायनशास्त्र शिकले आणि पुढे लंडनच्या उत्तरेला असलेल्या रॉथॅमस्टेड येथील प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रात काम करू लागले. ते अभ्यास करत होते शेतातल्या मातीचा, माशांचा नव्हे. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युन्त्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले होते की अमोनियाचे नायट्रेट होते ते सूक्ष्म जिवांमुळे. धाकट्या वॉरिंग्टन यांनी अनेक वर्षे चिकाटीने प्रयोग करून सिद्ध केले की हे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात अमोनियाचे नायट्राइट होते, दुसऱ्यात नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगवेगळे असतात. नायट्राइटही माशांना घातक असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि रोपांना खत म्हणून चालते. शेतातल्या मातीत जे घडते तेच टाकीच्या वाळूत, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजवर घडते. वडिलांच्या पात्रात चिखलात आणि दगडांवर बसून हे न दिसणारे जिवाणू निमूटपणे काम करत असणार. वडिलांनी ज्यांना वाट करून दिली, त्यांना मुलाने ओळखले.

आता पाचवीच्या मुलांना उत्तर देता येईल. ज्याला आम्ही घाण म्हणालो त्यातच माशांचे रक्षक होते. वाळू नळाखाली धुतली तेव्हा ते वाहून गेले. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. ते माणसाला चालते, पण माशांच्या कल्ल्यांना बाधते आणि उरलेल्या जिवाणूंनाही मारते. रोपे तर आम्हीच उपटली होती. पाणी नितळ दिसत होते, पण त्यात दर तासाला अमोनिया साठत होता आणि तो खाणारे कोणी उरले नव्हते. चूक मुलांची नव्हती आणि माशांच्या नशिबाचीही नव्हती. ती आमच्या अज्ञानाची होती.

म्हणून टाकी काढून टाकू नये, ती नव्याने आणि नीट उभी करावी, अशी आमची विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे. ते कसे करायचे हे येथे थोडक्यात देतो. घरी टाकी असलेल्या पालकांनाही त्याचा उपयोग होईल.

पहिले चार ते सहा आठवडे टाकीत मासे मुळीच सोडायचे नाहीत. वाळू, क्लोरीन काढलेले पाणी आणि व्हॅलिसनेरियासारखी सोपी रोपे एवढेच ठेवायचे. रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून ते कुजू द्यायचे, म्हणजे जिवाणूंना खाणे मिळेल. कोणाच्या घरी निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या गाळणीतला थोडा स्पंज आणून ठेवला तर काम लवकर होते. पाणी तपासण्याचे संच दुकानात मिळतात. त्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, तरच मासे आणायचे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी याच्या नोंदी वहीत ठेवल्या तर विज्ञानाचा तो उत्तम प्रकल्प होईल.

सोनेरी मासे मात्र आणू नयेत. ते मोठे होतात, पुष्कळ घाण करतात आणि त्यांना खूप पाणी लागते. वॉरिंग्टन यांचे पात्रही आजच्या ज्ञानाप्रमाणे त्यांना लहानच म्हणावे लागेल. त्यापेक्षा झेब्रा डॅनिओसारखे आपल्याच देशातल्या ओढ्यानाल्यांत राहणारे छोटे, पट्टेदार मासे आणावेत, आणि तेही एकदम न सोडता थोडे थोडे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे. आठवड्यातून एकदा सुमारे पाव टाकी पाणी बदलावे, सगळे कधीही नाही. वॉरिंग्टन यांनी पाणी बदलले नव्हते हे खरे, पण आपल्या टाकीत मासे जास्त असतात आणि आपण त्यांना बाहेरचे खाणे घालतो, म्हणून एवढे करावे लागते. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा. रोपांना रोज आठ तास उजेड पुरे. रात्री रोपेही प्राणवायू वापरतात, म्हणून पाण्याचा पृष्ठभाग हलता राहील अशी सोय असावी. आणि कंटाळा आला म्हणून मासे, रोपे किंवा गोगलगायी गावच्या तळ्यात वा नदीत सोडू नयेत. तेथल्या मूळच्या जिवांना त्यामुळे धोका होतो.

सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे पाहत थांबणे मुलांना जड जाईल. आम्हालाही जाईल. पण गढूळ पात्रासमोर न घाबरता येथे कोण कमी आहे असा प्रश्न विचारणारा माणूस आपण नुकताच पाहिला. एखादी गोष्ट बिघडली की ती धुऊन फेकून देण्याआधी तो प्रश्न विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागली, तर त्या अकरा माशांचे काही तरी ऋण फिटेल. पुढच्या बैठकीत विश्वस्त मंडळाने होकार दिला, तर टाकीत पहिले रोप लावायचा मान पाचवीच्या वर्गाला द्यावा, अशी आमची इच्छा आहे. प्रश्न त्यांनीच विचारला होता.